बारा टक्के, पण कशाचे?

सप्टेंबर २०२२. आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या फ्लॅटचं पहिलं भाडं जमा होणार होतं त्या दिवशी मी सकाळपासून बँकेचं ॲप चार वेळा उघडून बघितलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच मी भाडं देणारी नाही तर घेणारी होते आणि त्याचं जरा अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू. भाडं ठरलं होतं १४०० पौंड. दुपारी पैसे आले. ५२६ पौंड ४० पेन्स.

मला आधी वाटलं टेनंटने अर्धेच भरले. मग वाटलं फ्लॅट भाड्याने लावून देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात कोणीतरी आकडा चुकवला. तासाभराने ईमेलवर स्टेटमेंट आलं त्यात सगळं व्यवस्थित टाइप केलेलं होतं, मॅनेजमेंट फी २०१.६०, टेनन्सी सेटअप ३६०, इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तूंची यादी) १८०, डिपॉझिट रजिस्ट्रेशन ३६, गॅस सेफ्टी ९६. बेरीज ८७३.६०. कॅल्क्युलेटरवर दोनदा केली, बरोबर होती. चूक कुणाचीच नव्हती, म्हणजे माझीच होती, कारण प्रत्येक ओळ मी सही केलेल्या कागदात कुठे ना कुठे होती. आमचा मॉर्गेजचा, म्हणजे घराच्या कर्जाचा, हप्ता तेव्हा ८९० होता, त्यामुळे लँडलॉर्ड म्हणून पहिल्याच महिन्यात आम्ही खिशातून साडेतीनशेच्या वर पैसे घातले, आणि इमारतीच्या देखभालीचा सर्व्हिस चार्ज अजून यायचाच होता.

हौस म्हणून लँडलॉर्ड झालो असतो तर म्हटलं असतं की भोगा. पण आमचं तसं नव्हतं. नवऱ्याची नोकरी लीड्सला गेली, फ्लॅट विकायला काढला, पहिला खरेदीदार चेनमध्ये (आधी त्याचं घर विकलं जायला हवं, अशी साखळी) अडकून गळाला, दुसऱ्याने सर्व्हेनंतर फोन उचलणं बंद केलं, आणि इकडे लीड्सला भाडं सुरू झालं होतं. इथे याला ॲक्सिडेंटल लँडलॉर्ड म्हणतात. मग बँकेकडून कन्सेंट टू लेट, म्हणजे कर्जावरचं घर भाड्याने द्यायची परवानगी, घ्या, फ्लॅट लीजहोल्ड म्हणून फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची, परवानगी घ्या (त्याचीही फी, अर्थात), लँडलॉर्ड इन्शुरन्स काढा, हे सगळं तीन आठवड्यांत उरकलं. एजंट निवडायला आम्ही किती वेळ दिला? एक शनिवार. गरजवंताला अक्कल नसते ते असं.

त्या शनिवारी तीन एजंट येऊन गेले. पहिला म्हणाला १५५० सहज मिळतील. दुसरा १४००. तिसरी बाई १४२५ म्हणाली आणि किचनच्या सिंकखाली वाकून बघणारी ती एकटीच. आज मला कळतं की तिलाच द्यायला हवा होता, पण ती १५ टक्के म्हणाली आणि दुसरा १२ म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून डोळ्यांनीच १२ ठरवलं. पहिल्याला बाद केलं ते मात्र बरोबर केलं. भाड्याचा आकडा फुगवून सांगायचा, काम मिळवायचं, घर महिनाभर रिकामं ठेवायचं आणि मग "मार्केट जरा स्लो आहे" म्हणत खाली आणायचं, हा प्रकार शेजारच्या ब्लॉकमधल्या एकांच्या बाबतीत झालेला आम्ही डोळ्यांनी बघितला होता. महिनाभर घर रिकामं राहिलं तर १४०० गेले. दोन-तीन टक्क्यांची घासाघीस त्यापुढे काहीच नाही.

त्या रात्री बाबांशी फोनवर बोलणं झालं. बाबा जिल्हा बँकेतून रिटायर झालेत, आयुष्यभर लोकांची कर्जाची कागदपत्रं वाचलेली. मी म्हटलं, बारा टक्क्यांत सगळं बघतात हो ते, आपल्याला काही करायचंच नाही. ते म्हणाले, "बारा टक्के कशाचे ते विचारलंस का?" मी म्हटलं, भाड्याचे, आणखी कशाचे असणार. ते बरं म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले.

आता हे "कशाचे" प्रकरण जरा नीट सांगते, कारण पहिल्यांदा घर भाड्याने देणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच टक्के बघतो आणि पुढे जातो.

पहिली गोष्ट व्हॅट. एजंट तोंडाने १२ टक्के म्हणतो, कागदावर "प्लस व्हॅट" असतं, व्हॅट २० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात १४.४ टक्के. १४०० वर महिन्याला १६८ नाही तर २०१.६०, वर्षाला २४१९ पौंड २० पेन्स. जवळजवळ पावणेदोन महिन्यांचं भाडं. गंमत म्हणजे कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे इंग्लंडमधल्या लेटिंग एजंटला आपल्या सगळ्या फीची यादी ऑफिसात आणि वेबसाइटवर लावावी लागते, आणि ती टॅक्स धरून. टेनंटसाठीची तर हवीच, लँडलॉर्डसाठीचीही हवी. आमच्या एजंटच्या वेबसाइटवर ती होती, सगळ्यात खाली, जिथे कुकीजची माहिती असते त्याच्या शेजारी. मी ती पहिल्यांदा वाचली स्टेटमेंट आल्यावर.

दुसरी गोष्ट, आणि ही मला कोणी आधी सांगितली असती तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं: टक्के "रेंट ड्यू" वर आहेत की "रेंट कलेक्टेड" वर? एका शब्दाचा फरक. कलेक्टेड असेल तर टेनंटने भाडं दिलं तरच एजंटला कमिशन. ड्यू असेल तर टेनंटने दिलं नाही तरी एजंटचं मीटर चालू, कारण भाडं येणं होतं ना. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये ड्यू होतं. आमची टेनंट चांगली निघाली म्हणून निभावलं, नाहीतर भाडं बुडालंच असतं आणि वर ते बुडालेलं भाडं "गोळा करण्याची" फी आपणच दिली असती.

तिसरी, सर्व्हिस कुठली घेतोय. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. लेट ओन्ली म्हणजे टेनंट शोधून, त्याचं रेफरन्सिंग (पगाराची, आधीच्या घरमालकाकडची चौकशी) करून, कागदपत्रं करून एजंट मोकळा, पुढे तुम्ही आणि टेनंट. रेंट कलेक्शन म्हणजे त्याच्यावर दर महिन्याला भाडं गोळा करणं आणि उशीर झाला तर पाठीमागे लागणं. आणि फुल्ली मॅनेज्ड म्हणजे रिपेअर, तपासण्या, रात्री-अपरात्रीचे फोन सगळं. आम्ही लीड्सला, फ्लॅट दोनशे मैलांवर, त्यामुळे फुल्ली मॅनेज्ड घेतलं, आणि ते घेणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. फक्त मला वाटलं होतं की फुल्ली म्हणजे फुल्ली. तर नाही. सेटअप वेगळा, इन्व्हेंटरी वेगळी, वर्षातून दोन व्हिजिट त्यात धरलेल्या, तिसरी हवी तर ५० प्लस व्हॅट. टेनंट गेल्यावर चेक-आउट वेगळा. डिपॉझिटवरून वाद झाला तर त्याची फाइल तयार करायचे वेगळे.

यातले बरेचसे खर्च पूर्वी टेनंटच्या गळ्यात पडायचे हेही सांगायला हवं. आम्ही २०१४ मध्ये इथे आलो तेव्हा भाड्याचं घर घेताना रेफरन्सिंगचे पैसे, ॲडमिन फी, चेक-इनचे पैसे, सगळे आम्ही भरलेत. वर्षाने ॲग्रीमेंट रिन्यू करताना एक पान प्रिंट करून सही घेण्याचे ९० पौंड घेतले होते आमच्याकडून, आणि तेच काम करण्याचे लँडलॉर्डकडूनही घेतले असणार याची मला आता खात्री वाटते. मग टेनंट फीज ॲक्ट आला, १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये नवीन भाडेकरारांना लागू झाला, आणि टेनंटकडून घ्यायच्या बहुतेक सगळ्या फी बंद झाल्या. आता भाडं, डिपॉझिट, घर राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याइतकं होल्डिंग डिपॉझिट, आणि किल्ली हरवणं, भाडं फार उशिरा देणं असल्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर टेनंटकडून काही मागता येत नाही. डिपॉझिटलाही मर्यादा, वर्षाचं भाडं ५० हजारांच्या आत असेल तर पाच आठवड्यांचं भाडं, आमच्या बाबतीत १६१५ पौंड. मला कायदा पटतो. ते ९० पौंड मी अजून विसरलेली नाही. पण एजंटचा खर्च काही हवेत विरला नाही, तो लँडलॉर्डच्या बिलावर येऊन बसला, आणि मी नेमकी कायदा आल्यावर लँडलॉर्ड झाले. म्हणजे आधी त्या बाजूने भरले, आता या बाजूने भरते. नशीब एकेकाचं.

आता ती बल्बची गोष्ट.

२०२३ च्या फेब्रुवारीत स्टेटमेंटमध्ये एक ओळ दिसली, "अटेंड टू बाथरूम लाइट, ७८.००". त्याच्या खाली दुसरी, "कॉन्ट्रॅक्टर ॲरेंजमेंट १०%, ७.८०". मी एजंटला फोन केला, काय झालं होतं, वायरिंग गेलं का? फोनवरच्या मुलाने नोट्स वाचून सांगितलं, "लॅम्प रिप्लेस्ड, ऑल वर्किंग." लॅम्प म्हणजे बल्ब. बाथरूममधला तो गोल झाकणाचा दिवा, झाकण फिरवलं की निघतं, आत साधा एलईडी बल्ब, मीच लावलेला होता, सुपरमार्केटमधून चारएक पौंडांचा. कॉन्ट्रॅक्टरचा यायचा मिनिमम चार्ज ६५, त्यावर व्हॅट १३, आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन केल्याबद्दल एजंटचे दहा टक्के, त्यावरही व्हॅट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच, फक्त इथे मसाल्यावर व्हॅटही होता.

आमची टेनंट हॉस्पिटलमध्ये नर्स, केरळची. नंतर एकदा बोलणं झालं तेव्हा ती हसायलाच लागली, म्हणाली मी स्वतःच बदलणार होते पण तुमच्या एजंटने सांगून ठेवलंय की काहीही झालं तरी ॲपवर रिपोर्ट करा, हात लावू नका. तिचं काही चुकलं नाही. आणि मला न विचारता खर्च का केला, तर ॲग्रीमेंटमध्ये होतं की २५० पौंडांपर्यंतचं काम एजंट लँडलॉर्डला न विचारता करून घेऊ शकतो. असा आकडा बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये असतो आणि असायलाही हवा, रविवारी पाइप फुटला तर तुमच्या परवानगीची वाट कोण बघणार. पण तो आकडा १०० करून घेता येतो, "तातडीचं काम सोडून" असं लिहून घेता येतं, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर एजंटचे वरचे टक्के किती हे आधी विचारता येतं. मी नंतर विचारलं तेव्हा तिथली मॅनेजर बाई म्हणाली, "ते सगळ्यांना असतं, पण कोणी म्हटलं तर आम्ही काढतो." कोणी म्हटलं तर! म्हणजे जो तोंड उघडत नाही त्यालाच ते लागतं.

मग मी ते अठरा पानांचं ॲग्रीमेंट एका रविवारी बसून खरंच वाचलं, पेन घेऊन. चौदाव्या पानावर होतं की एजंटने आणून दिलेला टेनंट जोपर्यंत त्या घरात राहतो तोपर्यंत कमिशन देय राहील, मॅनेजमेंट कोणीही करो. म्हणजे मी एजंट सोडला तरी फी सुटत नाही. त्याच्या खाली, टेनंटनेच पुढे ते घर विकत घेतलं तर विक्रीच्या किमतीच्या दीड टक्का प्लस व्हॅट. मला घाम फुटला.

शोधताना कळलं की हे जुनं दुखणं आहे. लंडनमधल्या एका मोठ्या एजन्सीवर ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या तेव्हाच्या सरकारी संस्थेने केस केली होती, २००९ मध्ये हाय कोर्टाचा निकाल लागला, आणि त्यात नेमक्या याच गोष्टी होत्या, टेनंट राहिला म्हणून दरवर्षी रिन्युअल कमिशन, टेनंटने घर घेतलं तर विक्रीचं कमिशन. ज्याच्याकडे भाड्याने द्यायला एखाददुसरं घर आहे असा साधा लँडलॉर्ड हा ग्राहकच आहे आणि असल्या अटी बारीक अक्षरात पुरून ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे, असा साधारण त्या निकालाचा सूर. रिन्युअल कमिशन घेणंच बेकायदा असं मात्र कोर्ट म्हणालेलं नाही हे लक्षात ठेवा. ठळकपणे समोर मांडलं आणि तुम्ही हो म्हणालात तर मग तुम्ही हो म्हणालात. आणखी एक, ॲग्रीमेंटवर सही एजंटच्या ऑफिसात न करता आपल्या घरी किंवा ऑनलाइन केली असेल तर साधारणपणे १४ दिवसांत रद्द करायचा हक्क असतो. आमची सही ईमेलवरच झाली होती. चौदा दिवस आम्ही खोक्यांना टेप लावत होतो.

फीबद्दल इतकं कुरकुरतेय पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. तो म्हणजे पैसे एजंटला जातात, जबाबदारी मात्र आपल्याकडेच राहते. टेनंटचं डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं (तीन आहेत, डीपीएस, मायडिपॉझिट्स आणि टीडीएस) आणि त्याची ठरावीक माहिती टेनंटला त्याच मुदतीत द्यावी लागते. नाही केलं तर टेनंट कोर्टात जाऊन डिपॉझिटच्या एक ते तीनपट रक्कम मागू शकतो, आमच्या हिशोबाने ४८०० च्या पुढे. आणि "एजंटने करायचं होतं" हे सांगून आपण सुटत नाही. आमच्या एजंटने ते केलं सत्ताविसाव्या दिवशी, तेही मी विसाव्या दिवसापासून रोज फोन केल्यावर. त्याचेच ३६ पौंड लावले होते बरं का.

तसंच गॅसचं. दरवर्षी गॅस सेफ इंजिनियरकडून तपासणी, विजेची तपासणी निदान पाच वर्षांनी, ईपीसी (घर किती ऊर्जा खातं त्याचं सर्टिफिकेट) निदान ई ग्रेड, प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म. फुल्ली मॅनेज्डमध्ये एजंट आठवण ठेवतो म्हणतात. ठेवतातही. पण मी माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये सगळ्या तारखा एक महिना आधीच्या टाकून ठेवल्यात आणि एजंट बदलो न बदलो त्या तशाच राहतात.

एजंट निवडताना दोन गोष्टी मात्र फुकट आणि पाच मिनिटांत तपासता येतात. एक, तो रिड्रेस स्कीमचा सभासद आहे का, हे १ ऑक्टोबर २०१४ पासून सक्तीचं आहे, भांडण झालं तर कोर्टाआधी तिथे जाता येतं. दोन, क्लायंट मनी प्रोटेक्शन, १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं. म्हणजे एजंटने दुकान बंद केलं आणि तुमचं भाडं त्याच्याकडेच अडकलं तर ते परत मिळायची सोय. भाडं आधी त्याच्या खात्यात जातं हे आपण विसरतो. दोन्हींची नावं वेबसाइटवर असतात, पण त्या स्कीमच्या वेबसाइटवर जाऊन एजंटचं नाव उलटं शोधून बघा.

एजंट कामाचा नसतो असं म्हणायचं नाहीये मला. राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर आपल्याला स्वतःला घर टाकता येत नाही, एजंट लागतोच. राइट टू रेंटची तपासणी, म्हणजे टेनंटला या देशात भाड्याने राहायचा हक्क आहे का हे कागद बघून नोंदवणं, त्यांनी चोख केली. रेफरन्सिंगही. आणि २०२३ च्या जानेवारीत बॉयलर बंद पडला तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस पाठवला, आम्ही तेव्हा सुट्टीत नाशिकला होतो आणि मला ते कळलं बॉयलर सुरू झाल्यावर. त्या महिन्याचे २०१.६० मी अजिबात कुरकुर न करता दिले.

पण बल्बनंतर मी रिन्युअलच्या वेळी बोलायला बसले. आम्ही काय मागितलं ते सांगते: टक्के दहा, व्हॅट धरून, "कलेक्टेड" वर, कॉन्ट्रॅक्टरचे वरचे दहा टक्के काढून टाका, मर्यादा १०० करा. दुसऱ्या एजंटचं कोटेशन हातात होतं म्हणून धीर आला. तीन ईमेल झाले. शेवटी सगळं मिळालं, महिन्याचे १४० झाले, म्हणजे वर्षाला ७३९ पौंड वाचले. तीन ईमेलला ७३९! इतके पैसे तासाला मला नोकरीत कोणी देत नाही. चौदावं पान मात्र ते सोडायला तयार झाले नाहीत.

टॅक्सचंही एका ओळीत सांगते कारण बरेच जण यात गोंधळ करतात. मॉर्गेजच्या व्याजाची पूर्ण वजावट आता मिळत नाही, २० टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, पण एजंटची फी हा पूर्ण खर्च म्हणून भाड्यातून वजा होतो, इन्व्हेंटरी, गॅस सर्टिफिकेट, बल्बचे ते ७८ सुद्धा. म्हणून प्रत्येक स्टेटमेंट जपून ठेवा.

आणि भारतात परत जाणाऱ्यांसाठी. माझी एक मैत्रीण घर भाड्याने देऊन पुण्याला परत गेली आणि तिचं पहिलं भाडं माझ्यापेक्षाही कमी आलं. कारण लँडलॉर्ड वर्षातले सहा महिने किंवा जास्त यूकेच्या बाहेर राहत असेल तर नॉन-रेसिडेंट लँडलॉर्ड स्कीम लागते, आणि एजंटला भाड्यातून खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर बेसिक रेटने टॅक्स कापून एचएमआरसीला, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याला, भरावा लागतो. एनआरएलवन फॉर्म भरून एचएमआरसीकडून मंजुरी घेतली की पूर्ण भाडं हातात मिळतं, टॅक्स रिटर्न भरावा लागतो तो वेगळा. मंजुरी जायच्या आधीच मागता येते. तिला हे विमानात बसल्यावरही माहीत नव्हतं, आणि वर एजंटने दर तिमाहीला टॅक्सचा कागद भरायचे वेगळे पैसे लावले.

२०२४ मध्ये आम्ही एजंट सोडला. चौदाव्या पानावरून जे व्हायचं ते झालं, त्यांनी लिहिलं की टेनंट आहे तोवर कमिशन द्यावं लागेल. मी त्यांच्याच कंप्लेंट प्रोसिजरप्रमाणे लेखी तक्रार टाकली, २००९ च्या निकालाचा उल्लेख केला, रिड्रेस स्कीमकडे जाईन असं लिहिलं. उत्तरात अट आमची बरोबरच आहे पण गुडविल म्हणून दोन महिन्यांची फी घेऊन मोकळं करतो, असं आलं. २८० पौंड. दिले आणि सुटलो. डिपॉझिट डीपीएसच्या कस्टोडियल स्कीममध्ये (पैसे तेच सांभाळतात) हलवलं, ते फुकट आहे, तेव्हा ते ३६ पौंड परत एकदा आठवले.

त्यानंतर दोनेक वर्षं मीच बघितलं. टेनंट चांगली, घर लहान, त्यामुळे जमलं. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी बॉयलरने परत मान टाकली, मी इकडे लीड्सला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, स्टेजवर मुलीचं नृत्य, आणि मी हॉलच्या बाहेर थंडीत उभी राहून रेडिंगमधल्या प्लंबरना एकामागून एक फोन करतेय. सातव्याने उचलला. १८० म्हणाला, मी लगेच हो म्हटलं, घासाघीस करायची हिंमतच नव्हती. मुलीचं नृत्य मी नंतर दुसऱ्यांच्या व्हिडिओत बघितलं.

आता टेनंटला ब्रिस्टलला नोकरी लागली, तिने दोन महिन्यांची नोटीस दिलीय, आणि आम्ही परत एजंट शोधतोय. यावेळी चित्र जरा वेगळं आहे. रेंटर्स राइट्स ॲक्टमुळे १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये वर्ष-दोन वर्षांचे फिक्स्ड करारच संपले, सगळ्या टेनन्सी महिन्या-महिन्याच्या चालत राहणाऱ्या, सेक्शन २१ (कारण न देता टेनंटला घर सोडायला सांगायची सोय) गेला, भाडं वर्षातून एकदाच आणि दोन महिन्यांची रीतसर नोटीस देऊन वाढवता येतं. म्हणजे रिन्यू करायला काही उरलंच नाही, मग रिन्युअल फी कशाची? मी खुश झाले होते. तर आलेल्या एका कोटेशनमध्ये "ॲन्युअल रेंट रिव्ह्यू, ६० प्लस व्हॅट" अशी नवी ओळ होती.

यावेळी कोणाला घरी बोलवायच्या आधी मी तिघांना सहा प्रश्न ईमेल केले. व्हॅटसकट किती, ड्यू की कलेक्टेड, मला न विचारता किती खर्च करू शकता, तुम्हाला सोडलं आणि टेनंट राहिला तर फी कधी थांबते, कॉन्ट्रॅक्टरवर वरचे टक्के किती, आणि या टक्क्यांत काय येत नाही त्याची यादी. एकाचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने "फोनवर बोलूया का" लिहिलं, त्याला मी नको म्हटलं. तिसरी ती सिंकखाली वाकून बघणारी बाई, अजून त्याच ऑफिसात आहे, १५ टक्केच म्हणतेय. तिने अर्ध्या तासात पाच प्रश्नांची सविस्तर उत्तरं दिली, ओळीने, आकड्यांसकट. चौथ्या प्रश्नाचं अजून आलेलं नाही. उद्या फोन करते.